लेकीचं 'नको' ऐकणारं थेरपी सेंटर

बिहेवियर थेरपीचं, म्हणजे मुलाला बोलणं-वागणं टप्प्याटप्प्याने शिकवणारं, सेंटर चांगलं की वाईट, हे मी आता एकाच गोष्टीवरून ठरवतो: मूल 'नको' म्हणतं तेव्हा तिथली माणसं काय करतात. बाकी सगळं त्यानंतर. आमच्या लेकीला ऑटिझम आहे. निदान झालं तेव्हा ती तीन वर्षांचीही नव्हती. दोनचार शब्द आहेत, तेही तिच्या मर्जीने येतात. एका सेंटरमधून आम्ही तिला काढलं, दुसऱ्यात घातलं, आणि तिथे ती रमली आहे. हा अभिप्राय मुख्यतः या दुसऱ्या सेंटरचा आहे, पण पहिल्याबद्दल सांगितल्याशिवाय दुसरं का पटलं ते कळायचं नाही.

नावं दोन्हींची लिहीत नाही. या कामात पाटीपेक्षा माणूस मोठा असतो. सुपरव्हायझर बदलली की तेच सेंटर वर्षभरात ओळखू येत नाही. म्हणून तुम्ही नाव विचारण्यापेक्षा तिथे जाऊन काय बघायचं, ते विचारा.

पहिलं सेंटर बघताक्षणी कुणालाही आवडलं असतं. स्वच्छ, रंगीत, प्रत्येक खोलीला काचेचं दार, भिंतीवर 'आधी' आणि 'नंतर'च्या फोटोंची रांग. पहिल्याच भेटीत आम्हाला सांगितलं की हिला आठवड्याला चाळीस तास लागतील. तोवर तिला कुणी पाहिलंही नव्हतं, ती बाहेर बायकोच्या मांडीवर बसली होती. मी विचारलं, चाळीसच का? उत्तर मिळालं, संशोधन तसं सांगतं.

संशोधन काय सांगतं ते मी मग वाचून काढलं, कारण चाळीस तास म्हणजे पूर्ण वेळाची नोकरी आणि ती तीन वर्षांच्या पोरीने करायची. हा आकडा येतो १९८७ सालच्या अभ्यासातून. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ईवार लोवास यांनी १९ लहान मुलांना आठवड्याला ४० तास थेरपी दिली आणि त्यातली ९ मुलं पुढे नेहमीच्या वर्गात बसून पहिली पार झाली, असं नोंदवलं. ९ भागिले १९, म्हणजे ४७ टक्के. एवढाच आकडा लोकांना पाठ आहे. त्याच अभ्यासात कुठलं मूल थेरपीच्या गटात आणि कुठलं तुलनेच्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, आणि मोठ्याने 'नाही' ओरडणं, प्रसंगी मांडीवर चापट मारणं हेही थेरपीत धरलेलं होतं, हे मात्र कुणी सांगत नाही. २०१८ साली कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पारखणाऱ्या संस्थेने लहानपणीच्या अशा सघन थेरपीवरचे अभ्यास पुन्हा तपासले तेव्हा त्यांच्या निकषात बसणारे फक्त ५ मिळाले, सगळी मिळून २१९ मुलं, आणि त्या पाचांतही चिठ्ठ्या टाकून केलेला एकच. काही मुलांना फायदा होतो असं दिसतं, पण पुरावा कमजोर आहे, असा त्यांचा निष्कर्ष. दुसरीकडे २०१० साली डेन्व्हर मॉडेल नावाच्या थेरपीचा अभ्यास आला. त्यात दीड ते अडीच वर्षांची ४८ मुलं होती. ज्या गटाला ही थेरपी मिळाली त्याच्यासाठी थेरपिस्टचे आठवड्याला साधारण २० तास ठरवले होते आणि सगळं शिकवणं खेळातून, आईवडिलांना सोबत घेऊन होतं. दोन वर्षांनी त्या मुलांची समज, भाषा आणि रोजच्या व्यवहारातली तयारी दुसऱ्या गटापेक्षा बरी निघाली.

एवढं वाचून मी काही तज्ज्ञ झालो नाही. पण मुलाला न बघता तासांचा आकडा सांगणारं सेंटर त्या मुलाबद्दल बोलत नसतं, एवढं मला पक्कं कळलं. तरीही तेव्हा जवळपास जागा असलेलं तेवढंच एक होतं, म्हणून कमी तासांवर तडजोड करून आम्ही तिला तिथे घातलं.

माझा पेशा हिशेब तपासण्याचा. कुठला आकडा खरा आणि कुठला बसवलेला, हे बघण्यात माझे दिवस जातात. एबीए, म्हणजे अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनॅलिसिस, या थेरपीमागच्या पद्धतीत नोंदीला फार मान आहे आणि तो मला मनापासून आवडतो. सूचना दिली, मुलाने आपणहून केलं, मदत लागली की केलंच नाही, हे प्रत्येक वेळी लिहायचं असतं. त्या नोंदींवर पुढच्या आठवड्याचं शिकवणं ठरतं. नोंद खोटी असेल तर मग पुढचं सगळंच अंदाजपंचे. मी फाइल मागितली. मिळायला बरेच दिवस लागले. उघडली तर पानापानावर ८०, ८०, ८५, ८०. लेक तापाने घरी झोपली होती त्या तारखेचंही पान भरलेलं, खाली सही. बसल्या बैठकीला लिहिलेलं अक्षर ओळखू येतं: दाब सारखा, ओळी सरळ, खाडाखोड नाही. मुलासोबत जमिनीवर बसून भरलेला कागद असा दिसत नाही. त्याचा एखादा कोपरा मुडपलेला असतो, एखादी खूण तिरकी गेलेली असते, मधल्या रकान्यात 'पाणी प्यायला गेली' असं काहीतरी घाईने लिहिलेलं असतं.

आईवडिलांना सेशनच्या वेळी आत बसायला मनाई होती. मुलांचं लक्ष विचलित होतं म्हणे. काचेच्या दाराला आतून पडदा होता. एक दिवस मी वेळेआधी पोचलो आणि पडदा अर्धाच ओढलेला होता. टेबलावर खुंट्यांचा लाकडी पाट होता. लेकीने तो ढकलला. थेरपिस्टने परत पुढे ठेवला. लेकीने मान फिरवली. थेरपिस्टने तिचं मनगट धरून खुंटी तिच्या बोटांत दिली आणि तो हात धरूनच ती भोकात बसवली, मग दुसरी, मग तिसरी. लेक रडत नव्हती. तिने हात सैल सोडला होता आणि ती छताकडे बघत होती. सगळ्या खुंट्या बसल्यावर तिच्या हातावर स्टिकर चिकटला आणि 'व्हेरी गुड' ऐकू आलं. त्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये वाक्य होतं: सहकार्यात चांगली सुधारणा.

त्याच आठवड्यात तिला तिथून काढलं. काहींना वाटेल, एवढ्याशा गोष्टीवरून? मला ती एवढीशी वाटत नाही. ज्या पोरीला तोंडाने सांगता येत नाही, तिला मोठ्या माणसाने हात धरला की हात सैल सोडून द्यायचा असतो, हे आपण पैसे भरून शिकवत होतो. उद्या वाईट हेतूने कुणी हात धरला तर ती काय करेल? अपंग मुलांवर अत्याचार होण्याचा धोका इतर मुलांपेक्षा जास्त असतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. आणि लहानपणी ही थेरपी घेतलेल्या ऑटिस्टिक प्रौढांपैकी अनेकजण आज हेच लिहितात: हात खाली ठेव, डोळ्यात बघ, गप्प बस, हे सगळं जमलं, पण आपल्याला काय होतंय हे सांगायची सवयच मोडली. त्यांचं ऐकायला हवं. आपल्या मुलांच्या आतून बोलणारे तेवढेच लोक आहेत.

आता दुसरं सेंटर.

इमारत साधी. बाहेर बसायची जागा अरुंद. भिंतीवर फोटो नाहीत, आणि मला ते चांगलं वाटलं, कारण ज्या मुलांचे फोटो लावले जातात त्यांना कुणी विचारलेलं नसतं. सुपरव्हायझर मॅडमनी आम्हाला खुर्च्या दिल्या आणि स्वतः सतरंजीवर बसल्या. लेक एका डब्याचं झाकण जमिनीवर गरगर फिरवत होती, ती ते तासन् तास करू शकते. मॅडमनी दुसरं झाकण घेतलं आणि हातभर अंतरावर बसून, तिच्याकडे न बघता, फिरवायला लागल्या. आमच्याशी बोलणं चालूच. बऱ्याच वेळाने लेकीने आपलं झाकण थोडं त्यांच्या बाजूला सरकवलं. मॅडमनी काहीच केलं नाही. टाळ्या नाहीत, शाबासकी नाही, 'बघा, कशी आली!' नाही. फक्त त्यांचं झाकण पडलं तेव्हा परत फिरवलं.

मग प्रश्न. तिला काय आवडतं, कशाची भीती वाटते, झोप कशी आहे, पोट साफ होतं का, दातांना काही त्रास आहे का. दात आणि पोट का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या की दुखत असेल आणि सांगता येत नसेल तर वागण्यातूनच दिसतं, ते आधी डॉक्टरांकडून बघून घ्या. त्यानंतरचा प्रश्न होता: 'तिला पुरे झालं, हे तुम्हाला कसं कळतं?' बायको लगेच म्हणाली, ती डावा कान ओढते. ते फाइलच्या पहिल्या पानावर सगळ्यात वर लिहिलं गेलं. आजही तिथे आहे, आणि नवी थेरपिस्ट ताई आली की तिला आधी ते पान वाचायला देतात.

सुरुवातीचे काही आठवडे तिला काहीही करायला सांगितलं नाही. थेरपिस्ट ताई तिच्यासोबत खेळायच्या, तिला हवं ते हाताशी आणून द्यायच्या, झोका द्यायच्या, फुगे उडवायच्या. याला ते पेअरिंग म्हणतात: हा माणूस आला की चांगलं काही घडतं, एवढंच मुलाला कळू द्यायचं. बाहेरून बघणाऱ्याला ही वेळेची उधळपट्टी वाटते. माझ्या मते पूर्ण थेरपीत याहून महत्त्वाचं काही नाही. दारातून आत जाताना मूल ओढत न्यावं लागतं की ते आपणहून चप्पल काढतं, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

आणि मग पहिलं ध्येय ठरलं ते 'नको'चं. रंग ओळखणं, बोट दाखवणं, आकडे, सगळं नंतर. एक कार्ड केलं, त्यावर उघडा पंजा. लेकीला चिकट माती अजिबात खपत नाही. एक ताई माती पुढे करायची, लेकीचा हात ढकलायला उठायचा, तेवढ्यात मागे बसलेली दुसरी ताई तो उठलेला हात अलगद कार्डाकडे वळवायची, आणि कार्डाला स्पर्श होताच माती नाहीशी. वाद नाही, 'एकदाच हात लाव' नाही. काही दिवसांतच मागच्या ताईची गरज उरली नाही. पुढे कार्डाच्या जागी टॅबलेटवरचं बटण आलं. १९८५ साली एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी दाखवून दिलं होतं की मूल ज्या कारणासाठी आदळआपट करतं, तेच मागायचा सोपा मार्ग त्याला शिकवला की आदळआपट कमी होते. मॅडमनी हे आम्हाला नाव घेऊन सांगितलं आणि त्या अभ्यासाचा कागदही दिला. मला असं सांगणारी माणसं आवडतात.

यानंतरचा काळ कठीण होता. लेकीला बटणाचा शोध लागला आणि ती सगळ्यालाच 'नको' म्हणायला लागली. खेळणं नको, चित्र नको, ताई नको. प्रत्येक वेळी ते मानलं गेलं. बायको घाबरली, ही आता काहीच करणार नाही म्हणाली. मॅडम म्हणाल्या, 'हे बटण खरंच चालतं याची तिला आधी खात्री पटू दे.' खात्री पटायला वेळ लागला. मग हळूहळू 'नको' आणि 'थोडं थांब' यांत फरक शिकवला, मग 'अजून एकदा, मग पुरे', आणि ते 'पुरे' नेहमी खरं असायचं. एकदा म्हणजे एकदाच. मुलाला दिलेला शब्द इतक्या काटेकोरपणे पाळणारी मोठी माणसं मी क्वचित पाहिली आहेत.

सगळ्यालाच 'नको' चालत नाही, हेही त्यांनी सरळ सांगितलं. रस्ता ओलांडताना हात धरायचा, गाडीत पट्टा लावायचा, औषध घ्यायचं. तिथे 'नको' ऐकलं जातं, पण काम टळत नाही. मग निवड बाकीच्या गोष्टींत द्यायची: कुठला हात धरायचा, पट्टा तू लावतेस की मी, औषध चमच्याने की सिरिंजने. आणि ज्या गोष्टींची भीती आहे त्यांचे इतके लहान तुकडे करायचे की एकेका तुकड्याला 'नको' यायचं बंद होईल. नखं कापण्याचं काम असं महिनोन् महिने चाललं. आधी नेलकटर नुसता टेबलावर, मग ताईच्या हातात, मग ताईच्याच नखावर त्याचा आवाज. आज ती झोपेत नसतानाही नखं कापून घेते. घरात लहान मूल असलेल्या आणि हे भोगलेल्या माणसाला याची किंमत कळेल.

एक प्रसंग थोडा सविस्तर सांगतो, कारण चांगली बिहेवियर थेरपी म्हणजे नेमकं काय, हे मला त्यातून समजलं. लेक स्वतःचा हात चावायची, वळ उठेपर्यंत. पहिल्या सेंटरने उपाय सांगितला होता, लक्ष देऊ नका, लक्ष वेधायला करते. इथे कुणीच उपाय सांगितला नाही. आम्हाला एक तक्ता दिला: चावण्याच्या आधी काय घडलं, तिने काय केलं, नंतर काय झालं. तीन रकाने, वेळ आणि जागा. आम्ही घरी भरला, ताईंनी सेंटरवर भरला. चित्र स्वच्छ दिसलं. सेंटरवर जवळपास शून्य. घरी संध्याकाळी, न्हाणीघराच्या दारात किंवा आत. नंतर काय झालं? बहुतेक वेळा अंघोळ अर्धवट थांबली. म्हणजे हे लक्ष वेधणं नव्हतं, सुटका मागणं होतं. मग मॅडम स्वतः घरी आल्या आणि दाराबाहेर उभं राहून त्यांनी अंघोळ कशी चालते ते बघितलं. त्रास होता डोक्यावरून अचानक येणाऱ्या पाण्याचा. उपाय एवढाच निघाला: पाण्याचा मग तिच्या हातात द्यायचा, कपाळावर कोरड्या टॉवेलची घडी तिने स्वतः धरायची, आणि पाणी कधी ओतायचं हे तिने ठरवायचं. डोकं कधीकधी नीट धुतलं जात नाही. पण हातावरचे वळ गेले.

ध्येयं ठरवायच्या बैठकीत आम्हा दोघांना बसवतात आणि प्रत्येक ध्येयापुढे 'हे कुणासाठी?' असा रकाना असतो. डोळ्याला डोळा भिडवणं हे ध्येय मी सुचवलेलं नव्हतं, एका नातेवाइकाच्या आग्रहावरून यादीत आलं होतं. मॅडमनी विचारलं, यातून तिला काय मिळेल? कुणाला उत्तर देता आलं नाही आणि ते गेलं. त्याऐवजी 'मदत हवी असेल तर माणसाजवळ येऊन सांगणं' आलं. हात फडफडवणं कमी करायचं ध्येय त्यांच्या यादीत कधीच नव्हतं. ते तिचं आनंदाचं फडफडणं आहे, त्याने कुणाला इजा होत नाही, मग त्याला हात लावायचा नाही, असं त्यांचं धोरण आहे आणि ते लेखी आहे. शौचाला जाणं, रांगेत थांबणं, कपडे घालणं, नावडती गोष्ट नाकारणं, दुखतंय ते दाखवणं, अशी तिची ध्येयं. एकेक साधलं की आमच्या घरातला दिवस सोपा होतो.

शिक्षणाबद्दल. पाटीवर 'बिहेवियर थेरपिस्ट' कुणीही लिहू शकतो, म्हणून नेमकं विचारा. या क्षेत्रात सगळ्यात जास्त ऐकू येणारं प्रमाणपत्र म्हणजे बीसीबीए (बोर्ड सर्टिफाइड बिहेवियर अ‍ॅनॅलिस्ट). १९९८ साली अमेरिकेत स्थापन झालेली बीएसीबी ही संस्था ते देते. त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण, देखरेखीखाली केलेलं काम आणि परीक्षा लागते. मुलासोबत प्रत्यक्ष बसणारी व्यक्ती बहुधा आरबीटी (रजिस्टर्ड बिहेवियर टेक्निशियन) किंवा तशाच पातळीची असते आणि तिचं त्या पदासाठीचं प्रशिक्षण ४० तासांचं असतं. ही दोन्ही कामं वेगळी आहेत, आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरांत पहिलीचं नाव असतं तर खोलीत असते दुसरी. २०२३ पासून ही संस्था मोजक्याच देशांतल्या लोकांचे नवे अर्ज घेते, त्यामुळे जगात अनेक ठिकाणी चांगल्या माणसांकडे ही अक्षरं नसतील. अक्षरं असतील तर संस्थेच्या वेबसाइटवर नाव टाकून ती खरी आहेत का ते बघता येतं. दोन मिनिटांचं काम आहे, जरूर करा. नसतील तर विचारा: तुम्ही कुणाच्या हाताखाली शिकलात, आणि आज तुमचं काम कोण तपासतं? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर मी उठून येईन. आमच्या मॅडम आठवड्यातून एकदा तरी पूर्ण सेशनभर खोलीत असतात, आणि बऱ्याचदा ताईला बाजूला करून स्वतः लेकीसोबत बसतात. मला सगळ्यात जास्त भरवसा याचाच वाटतो.

डेटा शीटही सांगतो, नाहीतर मलाच चैन पडणार नाही. इथली फाइल दर शुक्रवारी न मागता हातात मिळते. कोपरे मुडपलेले असतात. आकडे खालीवर होतात: ४०, ६५, ३०, 'झोप झाली नव्हती', ७०. तीन आठवडे आलेख आडवा राहिला तर शिकवण्याची पद्धत बदलायची असा त्यांचा नियम आहे, लेकीला 'प्रयत्न करत नाही' असा शेरा मारायचा नाही. एकदा पद्धत बदलूनही जमलं नाही तेव्हा त्यांनी ते ध्येयच सोडून दिलं आणि तसं लिहिलं. मला हे प्रगतीच्या कुठल्याही रिपोर्टपेक्षा विश्वासाचं वाटलं.

आता तक्रारी, आणि त्या लहान नाहीत. ताई टिकत नाहीत. लेकीला एका ताईची सवय होते आणि ती नोकरी सोडून जाते. हे काम थकवणारं आहे आणि त्यांना मोबदला त्या मानाने मिळत नसावा, पण किंमत मूल चुकवतं. एक ताई न सांगता गेली तेव्हा लेक कितीतरी दिवस दारापाशी उभी राहायची. निरोपाची पद्धत हवी, फोटो दाखवून सांगायला हवं, असं आम्ही म्हटलं. मान्य झालं, पण अजून प्रत्येक वेळी होत नाही. दुसरं, स्पीच थेरपिस्ट वेगळ्या ठिकाणच्या आहेत आणि त्यांचं आणि मॅडमचं बोलणं आमच्यामार्फत चालतं. टॅबलेटवरची बटणं एकीने एका क्रमाने लावली, दुसरीने बदलली, आणि लेकीला पंजा सापडेना. त्या दिवशी ती खूप रडली. मुलाचं बोलण्याचं साधन सगळ्यांकडे एकच हवं, ही काही मोठी मागणी नाही. तिसरं, पालकांचं प्रशिक्षण कामाच्या वेळेत ठेवतात, म्हणून बहुतेक बायकाच येतात आणि बापांना सगळं ऐकीव कळतं. आणि बाहेरची बसायची जागा खरंच अरुंद आणि गोंगाटाची आहे. आवाजाचा त्रास होणाऱ्या मुलांच्या सेंटरला हे शोभत नाही.

नव्याने शोधणाऱ्यांना काही गोष्टी पटकन सांगतो. 'बरं करून दाखवतो' म्हणणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका. ऑटिझम बरा करायचा आजार नाही. थेरपीसोबत शरीरातले धातू काढायचं औषध सुचवणाऱ्याकडे तर मुळीच नाही, त्या चिलेशनने मुलं दगावली आहेत. टॅबलेट किंवा चित्रं दिली तर मूल बोलायचं राहील असं कुणी म्हटलं तर त्यांचं वाचन जुनं आहे. अशा साधनांनी बोलणं अडत नाही, काही मुलांचं उलट सुरू होतं. सेशन बघायला मिळेल का, हे विचारा आणि मिळेल म्हणाले तर खरंच जाऊन बसा. तास वाढवायचे असतील तर कशाच्या आधारावर, आणि कमी कधी करणार, हेही विचारा. थेरपी कधी थांबायची याचं उत्तर ज्यांच्याकडे असतं ते विचार करून काम करतात. आणि सेंटर सोडायचं झालं तर भरलेल्या पैशांचं काय, नोंदींची प्रत मिळणार का, हे सहीच्या आधी लेखी घ्या.

जवळपास सेंटरच नसेल, किंवा जे आहे ते धड नसेल, तरी हात बांधलेले नाहीत. पॅक्ट नावाच्या पद्धतीत थेरपिस्ट मुलाशी खेळत नाही. आई किंवा बाप मुलाशी खेळतात, त्याचा व्हिडिओ काढतात आणि तो सोबत बसून बघतात: इथे तिने तुमच्याकडे पाहिलं, तुम्हाला दिसलं का? या पद्धतीची १५२ मुलांवरची चाचणी २०१० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली, आणि २०१६ च्या पाठपुराव्यात काही वर्षांनीही फरक टिकलेला दिसला. जागतिक आरोग्य संघटनेनेही २ ते ९ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी एक प्रशिक्षण तयार केलं आहे, ९ गटबैठका आणि ३ घरभेटींचं, आणि त्याचं साहित्य मोफत आहे. बायकोने त्यातलं बरंच वाचून वापरलं. वाईट सेंटरपेक्षा हे कधीही बरं, असं मी ठामपणे म्हणेन.

हे सेंटर मी कुणाला सुचवेन? ज्यांना रोज मोजता येणारी झपाट्याची प्रगती हवी आहे त्यांना हे संथ वाटेल. ज्यांचं मूल बोलत नाही, ज्याला आधी वाईट अनुभव आला आहे, त्यांनी अशाच ठिकाणी जावं. पुढच्या सहामाहीसाठी आम्ही इथेच राहतो आहोत. या वेळी दोन गोष्टी लेखी मागितल्या: ताई सोडून जाणार असेल तर लेकीला आधी सांगायचं, आणि महिन्यातून एकदा स्पीच थेरपिस्ट आणि मॅडम यांनी आमच्याशिवाय एकमेकींशी बोलायचं. पहिली मान्य झाली. दुसरीचं उत्तर यायचं आहे.